'द अमेरिकन्स' : सही त्यांनी केली, भोगलं मार्थाने

बाणगंगा

(आधीच सांगते, सहाही सीझनचा शेवट इथे उघड होणार आहे. मालिका पाहायची असेल तर पाहून या आणि मग भांडायला या.)

'द अमेरिकन्स'चा विषय निघाला की गाडी हमखास एकाच स्टेशनावर येऊन थांबते. देश मोठा की कुटुंब? फिलिप बरोबर की एलिझाबेथ? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. त्या दोघांनी निदान काहीतरी पत्करलं होतं. विशीच्या आतबाहेर केजीबीत, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्यात, गेले, नाव सोडलं, भाषा सोडली, आईला सोडलं. आपण कशावर सही करतोय याची त्यांना थोडी तरी कल्पना होती. मला बोलायचंय ते ज्यांनी कशावरच सही केली नव्हती त्यांच्याबद्दल.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एफएक्स वाहिनीवर २०१३ ते २०१८, सहा सीझन, ७५ भाग. काळ रेगन यांचा. वॉशिंग्टनजवळच्या एका उपनगरात ट्रॅव्हल एजन्सी चालवणारं जोडपं, फिलिप आणि एलिझाबेथ, दोन मुलं पेज आणि हेन्री, दारात गाडी. दोघेही सोव्हिएत हेर. समोरच्या घरात राहायला येतो स्टॅन बीमन, एफबीआयच्या हेरविरोधी विभागातला माणूस. मालिकेचा कर्ता जो वाइसबर्ग स्वतः काही वर्षं सीआयएत होता, आणि ते जाणवतं. बंदुका कमी, माणसं जास्त.

आता मार्था. एफबीआयच्या ऑफिसातली सेक्रेटरी. फिलिप 'क्लार्क' बनून तिच्या आयुष्यात येतो आणि चक्क लग्न करतो. ती त्याच्या सांगण्यावरून साहेबाच्या पेनात मायक्रोफोन बसवते, फायली आणते. तिला वाटतं नवरा सरकारचाच माणूस आहे. पुढे पेन सापडतं. संशय हटवायला फिलिप जीन नावाच्या एका निरपराध माणसाला त्याच्याच घरात मारतो आणि आत्महत्येचा देखावा उभा करतो. शेवटी मार्थाला रातोरात विमानात बसवून रशियाला पाठवतात. पाचव्या सीझनमध्ये ती मॉस्कोच्या एका दुकानात दिसते. फळ्या निम्म्या रिकाम्या, हातात जाळीची पिशवी, भाषेचा गंध नाही. आईवडील अमेरिकेत, आणि त्यांना भेटणं आता या जन्मी नाही. तिने देशद्रोह केला असं कायदा म्हणेल. मला विचाराल तर तिने नवऱ्यावर विश्वास टाकला, एवढंच.

यंग-हीचं तर त्याहून वाईट. कोरियातून आलेली, घरोघरी सौंदर्यप्रसाधनं विकणारी, मोकळ्या मनाची बाई. एलिझाबेथ तिची मैत्रीण होते, तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवते, मुलं सांभाळते. हे सगळं कशासाठी, तर तिच्या नवऱ्याकडच्या सांकेतिक क्रमांकांसाठी. त्या भल्या माणसाला गुंगीचं औषध देऊन 'आपल्या हातून पाप घडलं' असं त्याच्या मनात भरवलं जातं, मग एलिझाबेथचं खोटं गरोदरपण, खोटी आत्महत्या. घर मोडतं आणि यंग-हीला कारण कधीच कळत नाही. ती फोनवर संदेश ठेवत राहते आणि एलिझाबेथ तो ऐकते. तिचा जीव तुटतो हे दिसतं. पण काम पूर्ण करते.

मी ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) टाउनशिपमध्ये वाढले. तो कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मिग विमानांसाठी, सोव्हिएत परवान्यावर. बाबा तिथे होते. घरी कामाचा विषय निघत नसे. निघाला तर बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, "ते कामावरचं." गोपनीयतेच्या कागदावर सही बाबांची होती, पण आईही सगळं आयुष्य त्या सहीनुसार जगली. शेजारणींत कुणी काही विचारलं की ती भाजीचा विषय काढायची. आमच्या घरात या गप्प राहण्यामुळे कुणाचं वाकडं झालं नाही, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरी मालिका पाहताना मला पहिल्यांदा नीट कळलं की शपथ एकट्याने घेता येते, पाळावी मात्र सगळ्या घराला लागते.

तर प्रश्न असा. ज्याने शपथ घेतली त्याला ती दुसऱ्याच्या आयुष्यातून वसूल करायचा हक्क आहे का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, देश कुठलाही असो. तुमचं सांगा.

रविवार_कारंजा

उत्तम धागा. सविस्तर लिहिते रात्री. आत्ता एवढंच की बेट्टीला विसरू नका. तिसऱ्या सीझनमधली ती म्हातारी. एफबीआयचा टपाल वाटणारा यंत्रमानव दुरुस्तीला आलेला असतो आणि त्यात मायक्रोफोन बसवायला हे दोघे रात्री दुकानात शिरतात. वर म्हातारी गेलेल्या नवऱ्याच्या दुकानाचा हिशोब करत बसलेली. एलिझाबेथ तिच्याशी कितीतरी वेळ बोलते. नवऱ्याबद्दल, युद्धाबद्दल, मुलाबद्दल. आणि बोलता बोलता तिला तिच्याच हृदयाच्या गोळ्या एकेक करून घ्यायला लावते. गोळी, पाणी, गोळी, पाणी. हे जगाच्या भल्यासाठी चाललंय असं एलिझाबेथ सांगू पाहते तेव्हा म्हातारी तिला सरळ म्हणते की वाईट माणसं वाईट करताना हेच म्हणत आली आहेत. तो प्रसंग पाहून मी टीव्ही बंद केला होता.

तोफखाना_निवृत्त

बाणगंगाताई, लेख मनापासून लिहिलाय, पण मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे.

मी देवळालीला होतो, नोकरीचा मोठा काळ तोफखान्यात गेला. सैनिकाच्या घरानेही सही केलेली नसते. माझ्या पत्नीने तीन राज्यांत शाळा शोधल्या, दोन्ही बाळंतपणं माहेरी केली, मी एकदाही जवळ नव्हतो. तुमच्या हिशोबाने मीही तिच्याकडून वसुलीच केली म्हणायची. पण तिला माहीत होतं मी कोण आहे. गणवेश खुंटीवर दिसत होता. नाराज व्हायचा, भांडायचा हक्क तिच्याकडे होता आणि तो तिने वापरला. मार्थाकडे तो नव्हता. म्हणून माझ्या मते दोष त्यागाचा नाही, फसवणुकीचा आहे. हे दोन वेगळे ठेवा, नाहीतर प्रत्येक जवान गुन्हेगार ठरेल.

दुसरं, स्टॅनबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. माझ्या दृष्टीने मालिकेतला सगळ्यात मोठा अपराध शेवटच्या भागात गॅरेजमध्ये घडतो. समोर दोन हेर उभे आहेत, हातात पिस्तूल आहे, आपल्याच खात्याची माणसं यांच्यापायी मेली आहेत, आणि हा बाजूला सरतो, गाडी जाऊ देतो. मैत्री खरी होती म्हणून! एफबीआयला खबर देणाऱ्या गेनाडी आणि सोफिया या सोव्हिएत जोडप्याला एलिझाबेथनेच मारलं होतं, पोरगं शेजारच्या खोलीत असताना. त्या पोराला स्टॅन ओळखत होता. आम्ही माणसं मारत नाही, असं ते गॅरेजमध्येही खोटंच सांगतात, आणि तरी तो सोडतो. शपथ मोडायची तर किमान खऱ्या गोष्टीसाठी मोडावी.

बाणगंगा

काका, त्याग आणि फसवणूक वेगळे, हे मान्य. माझ्या मांडणीत ते एकत्र आलं होतं, तुम्ही सोडवलंत ते बरं झालं. पण मग त्यांच्या मुलीचं, पेजचं काय करायचं? तिला तर सांगितलं होतं.

वाचनवेडी

पेजवर मी बोलते. मी शाळेत शिकवते, चौदा-पंधरा वर्षांच्या मुली रोज समोर असतात.

तिसऱ्या सीझनमध्ये पेज विचारते तेव्हा आईबाप स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सांगतात, आम्ही कोण आहोत. वरवर पाहता हा प्रामाणिकपणा. पण त्याच दमात तिला सांगितलं जातं की हे कुणाला कळलं तर आम्ही आयुष्यभर तुरुंगात. म्हणजे आता आईबापांचं स्वातंत्र्य त्या पोरीच्या जिभेवर. तिला धड झोप लागत नाही, ती चर्चमधल्या पास्टर टिमला फोन करून सांगून टाकते, आणि मग त्या पास्टर कुटुंबावर लक्ष ठेवायचं कामही तिच्याच गळ्यात येतं. ज्यांच्यावर तिचा जीव आहे त्यांच्यावर पाळत! काका म्हणतात तसं मार्थाला माहीत नव्हतं म्हणून तो अन्याय. पेजला माहीत करून दिलं हाही अन्यायच, कारण नकार द्यायची सोय न ठेवता माहीत करून दिलं.

आणि हे केंद्राने, म्हणजे केजीबीच्या मुख्यालयाने, आधीपासून ठरवलं होतं. दुसरी पिढी तयार करायची, अमेरिकेत जन्मलेली, खरे कागद असलेली, सरकारी नोकरीत सहज शिरू शकणारी. दुसऱ्या सीझनमधला जेरेड आठवा, अशाच दुसऱ्या हेर जोडप्याचा मुलगा. आईबाप नको म्हणाले, केंद्राने त्यांना डावलून मुलालाच गाठलं आणि शेवटी त्या मुलाच्या हातून आईबाप आणि बहीण मारली गेली. हे डोळ्यांनी पाहिल्यावरही एलिझाबेथ पेजला तयार करायला निघते. इथे फिलिप मला मोठा वाटतो. तो शेवटपर्यंत म्हणतो, पोरीला यात ओढू नको.

सातपूरकर

मालिका कुठून आली हेही या संदर्भात बघण्यासारखं आहे. जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर एकदम पकडले गेले, वर्षानुवर्षं साध्या शेजाऱ्यांसारखे राहणारे. दोन आठवड्यांच्या आत व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल झाली. त्यांतल्या एका जोडप्याचे दोन मुलगे कॅनडात जन्मलेले. पोलीस दारात आले त्या दिवशी थोरल्याचा विसावा वाढदिवस होता. आपण कॅनेडियन आहोत याच समजुतीत दोघे वाढले. नंतर कॅनडाने नागरिकत्व नाकारलं. धाकट्याने कोर्टात लढाई दिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कॅनडाचा नागरिक असल्याचा निकाल दिला. आईबापांच्या हेरगिरीचा भुर्दंड मुलाने नऊ वर्षं भरला. बाणगंगाताईंचा मुद्दा मालिकेबाहेरही खरा आहे.

आपल्याकडचंच बघायचं तर ऑक्टोबर २०२० मध्ये एटीएसने ओझरच्या एचएएलमधल्या एका कर्मचाऱ्याला विमानांची माहिती आयएसआयला पुरवल्याच्या आरोपावरून अटक केली होती. बातमी वाचली तेव्हा मला आधी त्याच्या घरच्यांचा विचार आला. दुसऱ्या दिवशी किराणा आणायला त्या घरातून कोण गेलं असेल?

निफाडकर

मी सहसा मालिका बघत नाही, मुलाने लावून दिली म्हणून पाहिली. पाचवा सीझन लोकांना संथ वाटतो, मला तोच सगळ्यात जवळचा.

आमची द्राक्षबाग आहे. त्या सीझनमध्ये हेरांना खबर मिळते की अमेरिकन लोक गहू खाणारा किडा पैदा करतायत, सोव्हिएत पीक बुडवायला. एलिझाबेथचं बालपण उपासमारीत गेलेलं. ती पेटून उठते, ते बघताना तिचं पटतं. अन्नावर घाला घालणाऱ्याला माफी नाही, आमच्यात कुणालाही विचारा. प्रयोगशाळेत शिरतात, तिथला तरुण पोरगा मधे येतो, फिलिप त्याला संपवतो. आणि नंतर कळतं की किडा पैदा करत होते तो कुठल्याही किडीला दाद न देणारा गहू शोधण्यासाठी. जगाची भूक भागवणारं संशोधन. म्हणजे खबर उलटी होती आणि पोरगा फुकट गेला.

आमच्या भागात नवीन वाण, नवीन औषध आलं की आधी अफवा येते. अफवेवर भरवसा ठेवून कुणी बाग तोडली तर पुढची काही वर्षं हात चोळत बसावं लागतं. इथे तर माणूस तोडला. फिलिप त्यानंतर मनाने उठतो तो उठतोच. माझ्या मते त्याच्या निवृत्तीचं बीज तिथे आहे. निष्ठा ठेवायला हरकत नाही. पण वरून आलेला निरोप खरा की खोटा हे तपासायची मुभाच नसेल, तर त्या निष्ठेने माणूस कुठवर चालेल?

रविवार_कारंजा

निफाडकर दादा, काय नेमकं लिहिलंत. यावर मला ओलेग आठवतो.

ओलेग बुरोव, सोव्हिएत वकिलातीतला बड्या बापाचा मुलगा. तिथेच काम करणाऱ्या नीनावर त्याचं प्रेम आणि नीनावर स्टॅनचंही. नीना बाहेरून आलेला माल चोरून विकत होती, एवढ्या चिमटीत स्टॅनने तिला पकडून खबरी बनवलं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी सौदा पुढे येतो: लढाऊ विमान रडारवर दिसू नये यासाठीची संगणकप्रणाली दे आणि नीनाला वाचव. स्टॅन देत नाही. नीना मॉस्कोला जाते आणि चौथ्या सीझनमध्ये कैदखान्याच्या आत शिक्षा वाचून दाखवून लगेच गोळी घातली जाते. शेवटचा गुन्हा कोणता? एका कैदी शास्त्रज्ञाचा निरोप त्याच्या मुलापर्यंत पोचवायचा प्रयत्न.

काका, तुम्ही स्टॅनच्या गॅरेजला मोठा अपराध म्हणालात. मला तो नीनाच्या मरणापासून सुरू झालेला वाटतो. एकदा त्याने शपथ पाळली आणि एक बाई गेली. तेव्हा सगळे म्हणाले शाबास. ते शाबास त्याच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. त्यात गॅरेजमध्ये फिलिप त्याला सांगतो की गोर्बाचेव्हला पाडायचा कट शिजतोय, ओलेगचा निरोप पोचला पाहिजे. ओलेग तो निरोप न्यायला आला आणि अमेरिकन तुरुंगात अडकला, घरी बायको आणि तान्हं मूल. ओलेगने याआधीही एकदा आपल्याच खात्याविरुद्ध जाऊन रोगजंतूंची चोरी स्टॅनला सांगितली होती, लाखो माणसं मरतील म्हणून. त्या गॅरेजमध्ये नुसती मैत्री नव्हती हो.

तोफखाना_निवृत्त

ओलेगबद्दल आदर आहे. त्याने जे केलं ते अंगावर घेतलं, शिक्षा भोगली. वरिष्ठांचा हुकूम मोडणाऱ्याने परिणाम स्वतः भोगावे, एवढीच माझी अट. स्टॅनने काय भोगलं? दुसऱ्या दिवशी खात्यात गेला आणि काही न झाल्यासारखा बसला. तुमचा नीनाचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, पण माझं मत बदलत नाही.

बाणगंगा

काही न झाल्यासारखा कसा, काका? जाता जाता फिलिप त्याच्या कानात घालून जातो की तुझी बायको रेनी कदाचित आमच्यातलीच आहे, खात्री नाही. आता हा माणूस रोज रात्री घरी जाणार, तिच्या हातचं जेवणार, तिच्याशेजारी झोपणार. विचारलं तर संसार मोडतो, नाही विचारलं तर खातं. मार्थाला जे काही वर्षांच्या खोटेपणातून मिळालं ते स्टॅनला एका वाक्यात मिळालं. आणि हेन्रीच्या वसतिगृहावर जाऊन त्या पोराला सगळं सांगायचं कामही त्यालाच करावं लागलं. त्याने भोगलं नाही असं मी म्हणणार नाही.

सातपूरकर

आणखी एक गोष्ट. आपण इथे बसून एलिझाबेथला इतकी समजून घेतो त्याला आपला इतिहासही कारण आहे असं मला वाटतं. अमेरिकन प्रेक्षकाला ती शत्रूच्या गोटातली बाई. आपल्याकडे १९७१ चा मैत्री करार, ओझरचं मिग, भिलाईचा कारखाना, जत्रेच्या भावात मिळणारी रशियन पुस्तकं. माझ्या वडिलांच्या कपाटात ती गुळगुळीत कागदाची पुस्तकं अजून आहेत. त्यामुळे 'ती वाईट, कारण ती रशियन' हा टप्पा आपण न थांबता ओलांडतो आणि थेट तिच्या कृत्यांकडे बघतो. हे धाग्यासाठी चांगलं झालं.

वाचनवेडी

पटलं. आणि कृत्यांकडे बघायचं तर सहावा सीझन विसरून चालणार नाही. एलिझाबेथ एका वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मरणपंथाला लागलेल्या बायकोची, एरिकाची, नर्स बनून राहते. एरिका चित्रकार. वेदनेत असतानाही ती एलिझाबेथला वही देते, पेन्सिल देते, म्हणते नुसतं बघ, काय दिसतं ते काढ. माहिती काढायला आलेली बाई तिथे पहिल्यांदा बिनकामाचं काहीतरी करते. त्याच सीझनमध्ये तिला नेस्टेरेन्को या स्वतःच्याच देशाच्या वाटाघाटीकाराला मारायचा हुकूम येतो. ती त्याचं बोलणं आधी ऐकते, त्याच्यात गद्दारीचं काही सापडत नाही, आणि ती नाही म्हणते. तिला हुकूम देणाऱ्या वरिष्ठ क्लॉडियाच्या तोंडावर म्हणते. इतकी वर्षं निरोप तपासायची मुभा नव्हती ना, निफाडकर दादा? ती मुभा तिने स्वतः घेतली.

निफाडकर

हो, घेतली. पण तोवर बेट्टी, यंग-ही, गेनाडी-सोफिया होऊन गेले होते. उशिरा का होईना म्हणावं तर ज्यांचं गेलं त्यांच्यासमोर म्हणून दाखवायला हवं.

बाणगंगा

म्हणूनच मला रेल्वेतला प्रसंग न्याय्य वाटतो. कॅनडाच्या सीमेवर गाडी थांबते, तपासणी होते, सगळे वाचले असं वाटतं, गाडी हलते आणि एलिझाबेथला खिडकीतून फलाटावर पेज उभी दिसते. न सांगता उतरली. ना निरोप, ना भांडण. सगळ्या मालिकेत पेजने स्वतःच्या मनाने केलेली मोठी गोष्ट ती एवढीच. तिथून ती कुठे जाईल, पकडली जाईल का, हेन्रीला कोणत्या तोंडाने भेटेल, काही सांगितलेलं नाही. सही न केलेल्या माणसाने अखेर नकार दिला, आणि तो पचवणं आता आईबापांच्या वाट्याला.

नवी_सभासद

सगळे प्रतिसाद वाचले. मुलगी दहावीत आहे, तिला राजकारणाची आवड आहे. दोघींनी मिळून पाहावी का?

वाचनवेडी

आत्ता नको. पहिल्याच भागात एलिझाबेथवर प्रशिक्षणाच्या काळात वरिष्ठाने केलेला अत्याचार दाखवला आहे, पुढेही हिंसा आणि शरीरसंबंध उघड आहेत. बारावीनंतर जरूर पाहा, आणि पेजच्या टेबलाजवळचा भाग आला की थांबून तिचं म्हणणं आधी ऐका.

तोफखाना_निवृत्त

सहमत. आणि पाहून झाल्यावर स्टॅनबद्दल तिला काय वाटलं ते इथे येऊन लिहा. माझी बाजू लंगडी पडली आहे, तरुण मत हवंय.